मुलमुलेबाबूंच्या बैठका

माझा धाकटा भाऊ गुणाकर मुलमुले चौतीस वर्षं खुर्चीत बसला आणि एकाहत्तराव्या वर्षी संडासात अडकला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे मी त्याला त्याच दिवशी सांगितलं. तो म्हणाला, ‘‘अक्का, तुझं प्राणिशास्त्र कॉलेजातच राहू दे.’’ कॉलेज सोडून मला सोळा वर्षं झाली, पण मांडीचा स्नायू काही माझ्याबरोबर निवृत्त झालेला नाही.

आधी हा माणूस कसा आहे ते सांगते. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आमची ही चौथी पिढी. आमच्या घरातलं प्रत्येक पोर कुठल्या ना कुठल्या दफ्तराच्या दिशेनंच रांगत आलं. गुणाकर मात्र लहानपणी तसा नव्हता. कबड्डीत त्याला दोघांनी मांड्यांना धरलं तरी तो त्यांच्यासकट रेघेपर्यंत यायचा. सव्विसाव्या वर्षी त्याला बाबूची नोकरी लागली आणि त्या मांड्यांचं काम संपलं. पाणी टेबलावर, चहा टेबलावर, फाइली टेबलावर. साहेब आले तरच काय ते उठायचं. त्यावरही त्यानं उपाय काढला होता. साहेब लांबून दिसले, की तो फाइलीत इतकं डोकं खुपसायचा की साहेबांनाच वाटावं, याला उगाच कशाला उठवा. बडे बाबू होऊन निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी दफ्तरातल्या लोकांनी त्याला शाल, नारळ आणि एक खुर्ची दिली. लांब हातांची, मागे रेलणारी. देणाऱ्यांच्या अकलेचं मला आजही नवल वाटतं.

पुढची अकरा वर्षं त्या खुर्चीत गेली. उठायचं झालं की गुणाकर दोन्ही हात पुढे करून ‘‘नूतन’’ म्हणायचा. नूतन त्याची बायको, सहासष्टची, वजन बेचाळीस किलो. ती हातातलं टाकून यायची, एक पाय खुर्चीच्या पायाला टेकवायची आणि विहिरीतून बादली ओढावी तसं त्याला बाहेर काढायची. दिवसातून पंधरा वेळा तरी. तिच्या उजव्या मनगटाला कायम पट्टा बांधलेला असे. विचारलं तर म्हणे, पोळ्या लाटून दुखतं. पोळ्या मीही लाटते.

तर नागपंचमीच्या दिवशी सकाळी गुणाकर संडासात गेला. त्यांच्याकडचा संडास जुना, जमिनीत बसवलेला. बसायला बसला, पण उठता येईना. पाय सुन्न, आतून कडी, आणि स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या. पाऊण तास तो ‘‘नूतन, नूतन’’ करत होता. शेवटी कोपऱ्यावरचा किराणावाला नथ्थू गूळ द्यायला आला, त्याला आवाज आला. नथ्थू पन्नाशीचा, हाडापेरानं मजबूत. त्यानं दार बिजागरीतून उचकटलं आणि आत जायच्या आधी म्हणाला, ‘‘बाबूजी, मी डोये मिटून घेतो. तुमी बी मिटा.’’

दोघांनी डोळे मिटले, त्यामुळे बादली लवंडली. तो भाग सोडते.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं आणि रात्रीपर्यंत भोपाळला. अनुराग, गुणाकरचा मुलगा, तिथे नोकरीला आहे. मुलगा चांगला आहे. आरडाओरडा केला नाही. म्हणाला, ‘‘बाबा, दिवाळीला येतो मी. तोवर तुम्ही जमिनीवरून आपले आपण उठायला लागलात, तर काही बोलणार नाही. नाही तर आई आणि तुम्ही माझ्यासोबत यायचं. हे घर बंद.’’

गुणाकर दोन दिवस जेवला नाही, म्हणजे दोनदाच जेवला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, ‘‘अक्का, भोपाळले अकराव्या मजल्यावर मले कोन ओळखते? इथं रस्त्यानं निघालो तर कुत्रंसुद्धा बडे बाबू आले म्हणून बाजूला होते.’’ कुत्र्याचं मला माहीत नाही, पण बाकीचं खरं होतं. त्या माणसाकडे बालाघाट सोडून दुसरं काहीच नव्हतं.

मी त्याला मयुरीकडे जायला सांगितलं. ही जवळच्या लांजीची मुलगी, फिजिओथेरपीची डॉक्टर. मराठी तिला सगळी समजते, बोलते हिंदी. मी स्वतः घेऊन गेले असते, पण त्याच दिवशी मला मोतीबिंदू काढायला नागपूरला निघायचं होतं. नूतन त्याच्याबरोबर गेली आणि बाहेर चपलांपाशी बसली, कारण आत एकालाच बसायला जागा होती. गुणाकरला कानाचं यंत्र आहे. ते तो लग्नकार्यात लावतो. एरवी म्हणे बॅटरी उतरते.

मी पंधरा दिवसांनी, चष्मा बदलून परत आले. दुसऱ्याच दिवशी त्याला पुन्हा मयुरीला दाखवायचं होतं. रिक्षात बसताना पाहिलं तर त्याच्या काखेत लाल कापडी बांधणीचं जाडजूड रजिस्टर. मला बरं वाटलं. माणूस व्यायामाची नोंद ठेवतोय, जन्मभराची सवय निदान या कामी आली, असं मी मनात म्हणालेसुद्धा.

यावेळी मी आत बसले. मयुरीनं हसून विचारलं, ‘‘तो अंकल, बैठक चल रही है?’’

‘‘नियमित. सुबह-शाम,’’ गुणाकर म्हणाला. ‘‘आज तक उनतीस हो गईं. एक स्थगित करनी पड़ी, बारिश थी.’’

‘‘कोई बात नहीं. शुरू कितने से किया था?’’

‘‘तीन से. अब ग्यारह पर हैं.’’

‘‘अरे वा. कुर्सी के साथ?’’

‘‘पहले कुर्सी. पिछले मंगलवार से बिना कुर्सी, दरी पर.’’

मयुरीनं पेन खाली ठेवलं. ‘‘दरी पर? ग्यारह?’’ तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान जरा ताठ केली. ‘‘अंकल, मेरे यहाँ चालीस साल वाले नहीं कर पाते. ज़रा करके दिखाइए.’’

गुणाकर गोंधळला. ‘‘यहाँ?’’

‘‘यहीं. दो-तीन ही कीजिए.’’

‘‘लेकिन सदस्य तो शाम को आएँगे,’’ गुणाकर म्हणाला.

मग गुणाकरनं रजिस्टर उघडून तिच्यापुढे सरकवलं. वर सुबक अक्षरात ‘बैठक क्रमांक चौदह’. खाली उपस्थितांच्या सह्या. विषय: गली की नाली. श्री प्रेमलाल का निवेदन. चर्चा. चहा, पोहे. सर्वसम्मति से समाप्त.

मी त्याला खिशातून मयुरीनं पहिल्या दिवशी लिहून दिलेला कागद काढायला लावला. तिनं हिंदीत लिहिलं होतं: बैठक, सकाळ-संध्याकाळ, नियमित. आधी खुर्चीसोबत, मग खुर्चीशिवाय. संख्या हळूहळू वाढवा. एकट्यानं करू नका, सोबत कोणी असावं. पंधरा दिवसांनी दाखवा.

आता तुम्हीच सांगा. ज्या माणसानं चौतीस वर्षं बैठक म्हणजे टेबलाभोवती बसलेली माणसंच पाहिली, तो याचा काय अर्थ लावणार? त्यानं गल्लीतली तीन म्हातारी माणसं जमवली, मग पाच, मग अकरा. आधी भाड्याच्या खुर्च्या, मग दरी, म्हणजे सतरंजी. एकट्यानं बैठक करायची नाही हे तर त्याला सांगावंच लागलं नसतं.

‘‘पण तिनं तुला करून दाखवलं असेल ना?’’ मी विचारलं.

‘‘दाखवलं काय? डॉक्टरीणबाई माझ्यासाठी खुर्चीतून दोनदा उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, किती संस्कारी मुलगी आहे.’’

मयुरी ओढणीत तोंड घालून हसत होती. हसून झाल्यावर तिनं त्याला खुर्चीत बसवलं, हात छातीवर घ्यायला लावले आणि म्हणाली, आता हात न लावता उठा, अर्ध्या मिनिटात किती होतात बघू. गुणाकर पुढे वाकला. आणखी वाकला. मग मागे आला. अर्धं मिनिट संपलं. तिनं कागदावर शून्य लिहिलं. पंधरा दिवस बसून आणि पोहे खाऊन त्याचं होतं नव्हतं तेही गेलं होतं.

परतताना रिक्षात तो रजिस्टर मांडीवर घेऊन बसला होता. म्हणाला, ‘‘पंधरा दिवस फुकट गेले, अक्का. दिवाळीले दोनच महिने उरले आता.’’ त्याला धीर देणं मला कधी जमलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम त्याची बैठक पाहायला गेले. ओसरीत दरीवर अकरा पांढरी डोकी. गल्लीतल्या नालीवर चर्चा झाली, चहा झाला, गुणाकरनं ‘‘बैठक संपली’’ म्हटलं. कोणी हललं नाही. मला वाटलं, काही राहिलं असेल. तेवढ्यात नथ्थू आला, बाह्या सारल्या आणि एकेकाच्या काखेत हात घालून उभं करू लागला.

‘‘हे काय?’’ मी विचारलं.

‘‘रोजचंच हाय मॅडम,’’ नथ्थू म्हणाला. ‘‘दुकानाचं शटर पाडतो अन् यांयले उपटाले येतो. धानाच्या परह्याची रोपं बरी, चिखलातून लवकर निघतात.’’

म्हणजे प्रश्न एकट्या गुणाकरचा नव्हता. मी तिथेच सगळ्यांना सांगितलं की तिशी-चाळिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू झिजतात, साठीनंतर जास्त वेगानं, आणि जो वापरत नाही त्याचे सगळ्यात आधी. पण सत्तरीतही काम दिलं तर ते पुन्हा भरतात. औषध नाही, गोळी नाही. खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. वीस वेळा सकाळी, वीस वेळा संध्याकाळी.

‘‘म्हणजे उठाबशा,’’ प्रेमलाल म्हणाले. हे ट्रकवर चाळीस वर्षं ड्रायव्हर होते. बसण्याच्या बाबतीत गुणाकरला तोडीस तोड.

‘‘हो.’’

‘‘मॅडम, मी काही कोनाची कोंबडी चोरली नाही.’’

सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांच्या पिढीत उठाबशा फक्त मास्तर काढायला लावायचे, तेही कान धरून. नातवंडांसमोर, सुनांसमोर, भर ओसरीत उठाबशा? गुणाकरचाही चेहरा पडला. माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘अक्का, यापेक्षा भोपाळ बरं.’’ मी चिडून घरी आले. लाजेनं मेलेली माणसं मी पाहिलेली नाहीत, न उठता आल्यामुळे अंथरुणाला खिळलेली मात्र बरीच पाहिली आहेत.

पण गुणाकरचं डोकं खुर्चीत बसल्या बसल्या चांगलं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बैठक खुर्च्यांवर घेतली आणि नियम वाचून दाखवले. कोणताही सदस्य बसून बोलणार नाही. ठराव मांडताना उठायचं, अनुमोदन देताना उठायचं. मतदान हात वर करून नाही, उभं राहून. उठताना खुर्चीला किंवा शेजाऱ्याला हात लावला तर मत बाद. आणि प्रत्येक बैठकीत किमान वीस ठराव झालेच पाहिजेत.

यात उठाबशा कुठेच नव्हत्या. सगळं कायदेशीर होतं. ज्या माणसांना व्यायामाची लाज वाटत होती, त्यांना मतदानाचा अभिमान वाटू लागला.

पहिल्या दिवशी एकही ठराव मंजूर झाला नाही, कारण अकराच्या अकरा मतं बाद. चौथ्या दिवशी प्रेमलाल हात न लावता उठले आणि इतके चकित झाले की कशाच्या बाजूनं उठलो तेच विसरले. वीस ठराव आणायचे कुठून, हा प्रश्न होता. नालीचे सगळे मुद्दे दोन दिवसांत संपले. मग पोह्यांत शेंगदाणे असावेत की नसावेत, नथ्थूनं दुकानापुढे बाकडं ठेवावं की नाही, कोबीत मटार घालणं योग्य की अयोग्य, असे ठराव आले. कोबीवर तर मतं फुटली आणि फेरमतदान तीनदा झालं. नूतन आतून म्हणाली, ‘‘मी मटार घालणारच आहे.’’ तरी चौथ्यांदा उठले.

प्रेमलालना पळवाट सापडली. ठराव मांडला की ते बसल्या जागेवरून सांगायचे, ‘‘मी तटस्थ हाव.’’ आठवडाभरात पाच जण तटस्थ झाले. गुणाकरनं नियमात दुरुस्ती केली: तटस्थ राहणाऱ्यानं आपली तटस्थता दोनदा उभं राहून नोंदवावी. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाला ठाम मत होतं.

मग प्रेमलालनी ठरावच आणला की बैठक आठवड्यातून एकदाच व्हावी. या ठरावाच्या बाजूनं दहा माणसं अशी ताडकन उठली की मी थक्क झाले. एकाचाही हात खुर्चीला लागला नाही. ठराव मंजूर. गुणाकरनं तो रजिस्टरात नोंदवला आणि शेरा मारला, ‘पुढील कार्यवाहीसाठी वर पाठवावा.’ वर कोण आहे हे कोणी विचारलं नाही. बैठका रोज होत राहिल्या.

सगळं सरळ झालं असं मात्र नाही. गणपतीत गुणाकरनं सलग पाच दिवस सुट्टी घेतली, मोदक खाल्ले, आणि सहाव्या दिवशी बारा वेळा उठणारा तो सहावर आला. त्याचे गुडघे दुखले. तो मयुरीकडे जाऊन म्हणाला की आता बस झालं. तिनं गुडघे पाहिले, सूज नव्हती. म्हणाली, ‘‘अंकल, छुट्टी आप लेते हैं, शिकायत घुटने की करते हैं.’’ तिनं उंची थोडी वाढवायला खुर्चीवर उशी ठेवायला सांगितली, एक दिवसही चुकवायचा नाही म्हणून बजावलं, आणि दोन आठवड्यांनी उशी काढून वजन वाढवायला लावलं. तेव्हापासून मतदानाच्या वेळी प्रत्येकाच्या छातीशी नथ्थूच्या दुकानातली किलोभर तांदळाची पिशवी असे. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटायचं, इथे रेशनची भांडणं चालली आहेत.

शेवटच्या महिन्यात पुन्हा दरी अंथरली. जमिनीवरून उठणं वेगळंच. आधी एका कुशीवर, मग गुडघा, मग दुसरं पाऊल पुढे, मग ढकला. गुणाकरला पाऊल पुढे आणायलाच आठ दिवस लागले. एक दिवस तो उठला आणि तोल जाऊन थेट प्रेमलालच्या मांडीवर बसला. प्रेमलाल म्हणाले, ‘‘बाबूजी, अनुमोदन समजू काय?’’ एक हात जमिनीला टेकून जमायला लागलं. हात न टेकता नाही. आणि दिवाळी आली.

अनुराग धनत्रयोदशीला आला. येतानाच सांगितलं की जबलपूरमार्गे भोपाळची परतीची तीन तिकिटं काढून ठेवली आहेत. नूतननं ऐकून घेतलं. गुणाकरनं पण ऐकून घेतलं, यावेळी कानात यंत्र होतं.

चतुर्दशीला पहाटे आंघोळीआधी सगळे अंगणात जमलो. पाट मांडला. गुणाकर हळूहळू खाली बसला, नूतननं त्याच्या डोक्याला, पाठीला तेल लावलं, ओवाळलं. तेल लावलेला माणूस, लाकडी गुळगुळीत पाट. मी अनुरागला म्हटलं, ही परीक्षा घ्यायची जागा नाही, आत दरीवर घे. गुणाकर म्हणाला, ‘‘इथंच.’’

‘‘बाबा, हात देऊ का?’’ अनुरागनं विचारलं.

‘‘नको.’’

तो कुशीवर वळला. गुडघ्यावर आला. उजवं पाऊल पुढे आणलं. इथपर्यंत ठीक. मग उठायला जोर लावला आणि अर्ध्यावर थांबला. मांडी थरथरत होती, इतकी की मला दिसत होती, नव्या चष्म्यामुळे असेल. त्याचा डावा हात आपोआप नूतनकडे गेला. नूतन तीन हातांवर उभी होती, ओवाळणीचं ताट घेऊन. ती जागची हलली नाही. एवढी वर्षं त्या हाताकडे धावणारी बाई, ताट धरून तशीच उभी राहिली. गुणाकरनं हात मागे घेतला, गुडघ्यावरही टेकला नाही, आणि दातओठ खात उठला. सरळ उभा राहिला. मग इकडेतिकडे पाहिलं, जणू साहेब आले आहेत आणि त्यांना दिसायला हवं.

अनुरागनं बापाचा तेलकट दंड दाबून पाहिला, मांडीवर थाप मारली. मग खिशातून फोन काढला आणि म्हणाला, ‘‘बरं बाबा. हरलो मी. तुमची दोघांची तिकिटं रद्द करतो.’’

‘‘एकच कर,’’ नूतन म्हणाली.

आम्ही तिघांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं ताट कट्ट्यावर ठेवलं आणि मनगटाचा पट्टा सोडायला लागली.

‘‘मी येते तुझ्यासोबत. महिनाभर. अकरा वर्षांत या माणसाची हाक ऐकू येणार नाही इतकी लांब मी एक पूर्ण दिवस राहिले नाही. इथून जवळच, लामत्याला भावाच्या नातवाचं बारसं होतं, तिथून अर्ध्या दिवसात परत आले, ते खुर्चीत बसून राहतील म्हणून. आता ते उठतात.’’

गुणाकर अजून पाटाशेजारी उभा होता, अंगावर पंचा, केसांतून तेल निथळत. बायकोकडे, मग मुलाकडे, मग माझ्याकडे त्यानं पाहिलं. माझ्याकडून त्याला काही मिळणार नव्हतं.

‘‘मग माझा सकाळचा चहा?’’ तो म्हणाला.

‘‘उठा आणि करा,’’ नूतन म्हणाली.